पन्नास वर्षांचं छप्पर

पहिला थेंब प्रल्हादकाकांच्या वड्यावर पडला, दुसरा खिरीत. तिसऱ्याची वाट न बघता काकांनी ताट उचललं आणि वर पाहिलं.

बाबांच्या वर्षश्राद्धाचं जेवण चाललं होतं. बाहेर डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधला जानेवारी आपलं नाव राखून होता. वारा घराच्या कोपऱ्याला धरून शीळ घालत होता आणि खिडक्यांच्या वर, छपराच्या कडेला, मनगटाएवढ्या जाड बर्फाच्या सुळ्या लोंबत होत्या. आत सिलिंगवर, टेबलाच्या बरोबर वर, ताटाएवढा तपकिरी डाग पसरला होता. सकाळी गुरुजी मंत्र म्हणत होते तेव्हा तो वाटीएवढाच होता. रेणूने तो पाहिला होता आणि श्राद्धाच्या दिवशी कशाला, म्हणून गप्प बसली होती.

"दादा आला वाटतं," काका म्हणाले.

हसावं की नाही ते कुणाला कळेना. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने शांतपणे काकांच्या जागी पातेलं ठेवलं, त्यांना दुसरं ताट वाढलं आणि म्हणाली, "ते आले असते तर आधी खिरीत वेलदोडा कमी पडलाय म्हणाले असते. भावोजी, इकडे सरका."

मग सगळे हसले. यतीन सोडून.

यतीन बेलव्ह्यूहून आला होता तोच मुळी मनात काही ठरवून. त्याने हात धुतले, पातेल्यात टपटपणाऱ्या पाण्याकडे एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तसं पाहिलं आणि सुरुवात केली.

"आई, मी हेच म्हणत होतो. हे घर आता तुला मॅनेज होणार नाहीये. बाबा होते तेव्हा ते बर्फ काढायचे. आता कोण काढणार? You can't live like this. जसं आहे तसं विकू. तू माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे कशाला?" रेणू म्हणाली. "तिथे वर्षभर पाऊस. शुगर लँडला ये आई. थंडी नाही, बर्फ नाही. खोली रंगवून ठेवलीय मी तुझी."

बहीणभावांचं फोनवर एका गोष्टीवर एकमत झालं होतं. आईने आणखी एक हिवाळा एकटीने काढायचा नाही. आई कुणाकडे जाणार, यावर मात्र दोघांची मांजरांसारखी झटापट चालू होती. आणि यतीनला माहीत नव्हतं ते असं की रेणूच्या फोनमध्ये रविवारची, शुगर लँडजवळच्या ह्यूस्टनची दोन तिकिटं होती. एक तिचं आणि एक आईचं.

"पोरं म्हणतायत ते बरोबर आहे, शुभावहिनी," प्रल्हादकाकांनी खीर संपवत मान डोलावली. "एकट्या बाईने एवढं मोठं घर. काय गरज आहे?"

आईने तिघांकडे एकेकदा पाहिलं. सत्तरी ओलांडलेली बाई, ठेंगणी, केस आखूड कापलेले, हातात डाव. आवाज चढवायची तिला कधी गरजच पडत नसे.

"घर विकायचं की नाही, ही एक गोष्ट. पाणी थांबवायचं, ही दुसरी. आधी पाणी."

"ओके," यतीन म्हणाला. "रविवारी मी जाणार. तोपर्यंत छपरासाठी रिलायबल माणूस फायनल झाला, तर मी गप्प बसेन. नाही झाला तर सोमवारी एजंटला फोन करतो."

"अट घालतोयस?"

"अट नाही गं, आई..."

"घाल की. अट असली की माणूस कामाला लागतो," आई म्हणाली आणि पातेलं ओतायला घेऊन गेली.

*

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. काका सकाळी आले तेव्हा आई गॅसजवळ उभी राहून गूळ ढवळत होती. बाबा गेल्यापासून घरात सण झाला नव्हता.

"वहिनी, यंदा करायचं का हे?" काकांनी जरा चाचरत विचारलं.

"वर्ष काल झालं, भावोजी. आज संक्रांत आहे. हात धुवा आणि लाडू वळायला बसा, पाक थांबत नाही."

लाडू वळता वळता काकांनी आपली कामगिरी सांगितली. त्यांनी आदल्या संध्याकाळीच मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं: चांगला रूफिंग कॉन्ट्रॅक्टर कोण? आणि काय सांगावं, उत्तरांचा पाऊस पडला होता. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. डेल. 'डोळे झाकून द्या!' 'डेल इज द बेस्ट!' 'आमच्याकडून प्लस वन!' यतीनने लगेच डेलला फोन लावला होता आणि तो दहा वाजता येणार होता.

डेल आलाही दहाच्या ठोक्याला. दात पांढरे, जॅकेट कडक. त्याने अंगणातूनच एक ड्रोन उडवला, टॅबलेटवर छपराची आणि त्यावरच्या शिंगल्सची, म्हणजे डांबरी कौलांची, चित्रं दाखवली, आणि सोमवारी काम सुरू करतो म्हणाला. तो शिडीवर चढला नाही. छपराखालच्या माळ्यावर, ॲटिकमध्ये, डोकावलाही नाही. यतीन एकदम खूश झाला, त्याला असली चटपटीत माणसं आवडत.

"एवढ्या थंडीत शिंगल्स बसतात?" आईने विचारलं.

"आम्ही बारा महिने काम करतो, मॅम."

"बसतात का, असं विचारलं मी," आई म्हणाली. तो हसला. आईनेही हसून त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि शनिवारी कळवते म्हणून सांगितलं.

दार बंद होताच यतीन उखडला. "आई, शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? अख्खं मंडळ सांगतंय!"

"अख्ख्या मंडळाकडे तिळगूळ द्यायचाच आहे मला. येते जाऊन. रेणू, गाडी काढ."

आई छपराबद्दल एवढं खोलात का शिरत होती, ते रेणूला गाडीत बसल्यावर हळूहळू आठवत गेलं. बाबा मोटार कंपनीत इंजिनियर होते हे जगाला ठाऊक होतं. आईही पंचवीसेक वर्षं नोकरीला जायची. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, गाडीच्या दारांच्या रबरी पट्ट्या तपासायच्या विभागात. बंद गाडीवर पाण्याचे फवारे सोडायचे, जोराचा वारा सोडायचा, आणि टॉर्च घेऊन आत बसायचं. पाणी कुठून शिरतं ते शोधायचं. घरात मात्र बाबांचं ते करिअर होतं आणि आईची ती नोकरी. तिला तिच्या कामाबद्दल आपण कधी काही विचारलंच नाही, असं रेणूच्या मनात आलं आणि तिला लाज वाटली.

पहिलं घर मंडळातल्या नीनाचं. नीनाने हळदीकुंकवाची तयारी मांडली होती, तिने आईला घट्ट मिठी मारली, दोघींचे डोळे भरून आले. मग आईने विचारलं, "छप्पर कधी केलंत गं? डेलकडून?"

"आम्ही? नाही हो काकू, आमचं अजून बिल्डरनेच दिलेलं आहे. पण डेल बेस्ट आहे. संग्राम म्हणाला ना!"

संग्राम नागपूरचा, आयटीतला, मोकळाढाकळा माणूस. "काकू, मी तर टाउनहाऊसमध्ये राहतो ना! छप्पर असोसिएशन बघते. मला विक्रमगुरुजींनी सांगितलं होतं. रेणू, चहा घे ना यार, अशी उभ्या उभ्या काय जातेस!"

विक्रमगुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर लिहीत आणि शनिवार-रविवारी पूजा सांगत. कालचं श्राद्धही त्यांनीच, रजा टाकून, सांगितलं होतं. ते लॅपटॉपवरून उठून दारात आले. "डेल ना? फारच उत्तम, असं ऐकलंय. मला नीनाताईंनी सांगितलं. त्यांच्याकडच्या सत्यनारायणाच्या वेळी."

आईने गाडीत बसल्या बसल्या नीनाला फोन लावला. "नीना, अगं पण तुला डेलचं नाव मुळात कळलं कुठून?"

"काकू... मेलमध्ये त्याच्या जाहिरातीचा मॅग्नेट आला होता. फ्रिजवर लावलाय."

आईने फोन ठेवला आणि हसायला लागली. वर्षभरात ती एवढी हसली नव्हती. वाऱ्याने गाडी हलत होती आणि आई पदर नसलेल्या खांद्यावर पदर शोधत डोळे पुसत होती. "ऐकावे जनाचे, करावे मनाचे! पण इथे जनाने तरी कुणाचं ऐकलं? फ्रिजचं!"

रेणूलाही हसू आवरेना. डेल बिचारा कदाचित चांगलाही असेल, पण मंडळातल्या एकाही माणसाने त्याच्याकडून एक खिळासुद्धा ठोकून घेतलेला नव्हता.

"आता काय करायचं गं?" तिने विचारलं.

"आता हळू चालव. आणि माणसांकडे बघू नकोस, छपरांकडे बघ."

*

आईने तिला बघायला शिकवलं. दोघी गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिल्या. काही छपरांवर मधूनमधून बर्फ वितळून काळी ठिगळं पडली होती आणि कडेला सुळ्यांचं तोरण लागलं होतं.

"हे आपल्यासारखं. आतली ऊब वर गळते, बर्फ खालून वितळतो, पाणी कडेला येऊन पुन्हा गोठतं. मग त्याचा बांध होतो. मागचं पाणी जाणार कुठे? शिंगल्सच्या खालून घरात." आईचं बोट काचेवरून पुढे सरकलं. "आणि ते बघ. ते घर."

त्या घरावर बर्फ जसा पडला तसाच होता, सारखा, पांढरा, दुलईसारखा. कडेला एकही सुळी नव्हती. एवढा वारा होता, पण शिंगलची एक कड उचललेली दिसत नव्हती.

"थांब इथे," आई म्हणाली.

पुढचं दृश्य रेणू जन्मात विसरणार नव्हती. बाबांचं भलंमोठं जॅकेट घातलेली तिची आई, हातात तिळगुळाचा डबा, वाऱ्यात वाकून अनोळखी माणसाच्या दाराशी गेली. दार एका उंच म्हाताऱ्या गृहस्थाने उघडलं. आईने लाडू पुढे केला, आज आमचा सण आहे म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात तुमचं छप्पर कुणी केलं ते विचारलं. गृहस्थाने आधी लाडूकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग तिला आतच बोलावलं. अशी चार घरं झाली. त्यातल्या तीन घरांनी एकच नाव सांगितलं. रॉन.

"मला लाज वाटली असती," परत येताना रेणू म्हणाली.

"कशाची? तुझ्या वडलांसाठी मुलगी बघायला सासूबाई अशाच फिरल्या होत्या. आणि त्यांनी तिळगूळसुद्धा दिला नव्हता."

*

रॉन दुसऱ्या दिवशी आला. साठीचा, दाढीवाला, कमी बोलणारा. त्याने छपराकडे पाहिलंही नाही. आधी ॲटिक दाखवा म्हणाला. आईने यतीनकडे विजयी नजरेने पाहिलं आणि मग रॉनला सांगितलं, "वर गेलात की बाथरूमच्या पंख्याचा पाइप बघा. माझा संशय आहे त्याच्यावर."

तो खाली उतरला तेव्हा त्याच्या दाढीत ॲटिकमधल्या अस्तराचा कापूस अडकला होता. संशय खरा होता. पंख्याचा पाइप बाहेर न जाता ॲटिकमध्येच उघडत होता. अंघोळीची सगळी वाफ वर्षानुवर्षं छपराला खालून शेकत होती. कुणी बसवला हा, असं रॉनने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने," आई म्हणाली. "स्वतः. दोन शनिवार घालवून."

यतीनचा चेहरा उतरला. बाबांनी केलेलं काम चुकतं, हे त्याच्या घरच्या धर्मात बसत नव्हतं. "आई, तुला माहीत होतं?"

"बसवला त्याच दिवशी म्हटलं होतं मी, पाइप आखूड पडलाय. नाही म्हणाले. मग हिवाळा आला, छपराला सुळ्या लागल्या. बोलले काही नाहीत, लांब दांड्याचं ते फावडं घेऊन आले आणि बर्फ ओढायला लागले. दर हिवाळ्यात, शेवटपर्यंत." आईने वर सिलिंगकडे पाहिलं. "मीही मग बोलले नाही. इतकी मान हलवत, इतकं मन लावून ओढायचे रे. आता काढून टाका तो पाइप," हे रॉनला.

रॉनने पाइप नीट बाहेर काढायचं, ॲटिकमध्ये हवा खेळती करायचं आणि कडेचा बांध वाफेने वितळवायचं कबूल केलं. पण नवं छप्पर आत्ता नाही, एप्रिलमध्ये. थंडीत शिंगल्सचा डिंक धरत नाही, आणि इथल्या वाऱ्यात न धरलेलं छप्पर राहत नाही.

"एप्रिल?" यतीन म्हणाला. "दुसरा माणूस सोमवारी सुरू करतोय."

रॉनने खांदे उडवले. मग आईने तिचा ठेवणीतला प्रश्न काढला. चांगलं काम केलेली घरं मला नकोत, ती मी पाहिली. ज्या घराने तुम्हाला परत बोलावलं, असं एक घर सांगा.

रेणूला वाटलं, आता हा रागावून निघणार. रॉनने हातातली टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, आहे एक. सेंट क्लेअर तळ्याच्या काठी. जाऊन विचारा.

*

शुक्रवारी गाडी यतीननेच काढली. तो आईला खोटं पाडायला निघाला होता असं त्याचं म्हणणं. रेणूला वाटलं, त्याला आता राहवत नव्हतं. प्रल्हादकाकाही मागे येऊन बसले. तळं गोठलेलं होतं आणि त्यावरून येणारा वारा असा, की यतीनला गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागलं. छपराची परीक्षा घ्यायला आईला याहून वाईट दिवस शोधूनही सापडला नसता. तिने तो शोधूनच काढला होता म्हणा.

घरातल्या बाईंनी सगळ्यांना कॉफी दिली आणि आपणच हसत सांगितलं. चूक माझीच, मुलीचं लग्न होतं, मी रॉनला नोव्हेंबरात छप्पर घालायला लावलं. तो नको म्हणत होता, मी हट्ट केला आणि त्याने ऐकलं. डिसेंबरच्या वादळात अर्ध्या शिंगल्स तळ्यावर उडून गेल्या.

"मग?" यतीनने विचारलं.

मग तो त्याच वादळात ताडपत्री घेऊन आला. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळं छप्पर उतरवून पुन्हा घातलं. माझ्याकडून काही घेतलं नाही. तेव्हापासून थंडीत तो कुणाचंच छप्पर घालत नाही, कुणी कितीही हट्ट केला तरी.

बाहेर वारा घरावर धडका देत होता. वर, छपरावर, काहीही वाजत नव्हतं. आई डोळे मिटून तेच ऐकत होती. कारखान्यातही ती बंद गाडीत अशीच बसत असेल, रेणूला वाटलं, आजूबाजूला पाण्याचा मारा चालू आणि हिचे कान टवकारलेले. आपल्या आईसारखी बाई आपण दुसरी पाहिलेली नाही, हे तिला त्या अनोळखी स्वयंपाकघरात एकदम कळलं, आणि छाती भरून आली.

परतीच्या वाटेवर काका चुळबुळत होते. ते लग्न न केलेले, वहिनींच्या घराजवळच राहणारे, आणि दर शनिवारी त्यांच्याकडे जेवणारे. एवढ्या दिवसांत ते आत्ता पहिल्यांदा पुढचा विचार करत असावेत.

"यतीन, मी काय म्हणतो," ते घसा खाकरून म्हणाले. "घर विकण्याची एवढी घाई नको. वहिनींना इथलं सगळं सवयीचं आहे."

"काका, परवा तुम्ही उलट म्हणत होतात!"

"परवा माझ्या खिरीत पाणी पडलं होतं."

*

शनिवारी रॉन शिंगल्सचे नमुने घेऊन आला. टेबलावर, त्याच डागाखाली, त्याने तीन तुकडे मांडले. हे वीस वर्षं टिकेल, हे तीस, हे पन्नास. तिन्ही चांगले, म्हणाला. मग त्याने आपल्या धंद्यातला रोजचाच प्रश्न विचारला, जो तो प्रत्येक घरी विचारत असणार.

"तुम्ही या घरात अजून किती वर्षं राहणार आहात? त्यावर ठरवू."

यतीनने खिडकीबाहेर पाहिलं. काका चष्मा पुसायला लागले. आठवडाभर ज्या प्रश्नाभोवती सगळे चपला काढून फिरत होते, तो या परक्या माणसाने सरळ टेबलावर ठेवला होता. रेणूचा हात खिशातल्या फोनवर गेला. उद्याची दोन तिकिटं. पिवळी रंगवलेली खोली, तिच्या खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड, शाळेतून आल्यावर तिच्या मुलाला, आर्यला, कुणीतरी गरम काही देणारं. तिला आई हवी होती. आईचं भलं व्हावं म्हणून हवी होती असं ती सगळ्यांना सांगत आली होती, पण खरं म्हणजे तिला स्वतःलाच आई हवी होती.

आईने तिन्ही तुकडे हातात घेऊन वाकवून पाहिले.

"रॉन, तुमचं वय काय?"

"एकसष्ट."

"म्हणजे पन्नास वर्षांनी तक्रार करायला मीही नसेन आणि ऐकायला तुम्हीही नसाल. पन्नासवालंच घाला."

रॉन मोठ्याने हसला. यतीन हसला नाही. "आई, पण पन्नास वर्षांचं तुला कशाला हवंय?"

तो प्रश्न त्याच्या तोंडून निघाला आणि त्याचा त्यालाच कसा ऐकू आला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आई रागावली नाही. तिने तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"छप्पर आपल्या वयाचं घ्यायचं नसतं रे, घराच्या वयाचं घ्यायचं असतं. मी आहे तोवर इथे राहीन. माझ्यानंतर जे कुणी राहतील, त्यांच्या ताटात पाणी पडायला नको."

यतीनने तोंड उघडलं. तो काय बोलणार होता ते रेणूला कधीच कळलं नाही, कारण तिने त्याला बोलू दिलं नाही.

"फिफ्टी," ती रॉनला म्हणाली. "द फिफ्टी-इयर वन. इन एप्रिल."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग डबा उघडून रॉनच्या हातावर तिळगूळ ठेवला, एक नाही, दोन.

*

रविवारी सकाळी खरवडण्याच्या आवाजाने रेणू स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. रात्री पुन्हा बर्फ पडला होता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि वारा तसाच. अंगणात यतीन बाबांचं लांब दांड्याचं फावडं छपराला लावून उभा होता आणि आई कमरेवर हात ठेवून त्याला शिकवत होती.

"समोर नको उभा राहूस, बाजूला हो. बाबाही असेच समोर उभे राहायचे आणि—"

भसकन अख्खा ढीग यतीनच्या डोक्यावर कोसळला. आई मागे सरून हसत सुटली. यतीन बर्फातून डोकं काढून काहीतरी ओरडला, आणि मग तोही हसायला लागला, बाबांसारखाच, मान हलवत.

फोन वाजला. राजेश होता, तिचा नवरा. "रेणू, एअरपोर्टला किती वाजता येऊ? आणि आईंना व्हीलचेअर लागेल का, विचारलंस?"

बाहेर आईने यतीनच्या हातातून फावडं काढून घेतलं होतं. बाजूला उभी राहून, दोन्ही पाय रोवून, तिने ते उंच नेलं आणि एका ओढीत छपराची कड साफ केली.

"नाही लागणार," रेणू म्हणाली. "मी एकटीच येतेय. आईचं तिकीट मी कॅन्सल केलं."

"काय? अगं, आणि ती खोली?"

"आर्यला दे. केव्हाचा मागतोय." तिने खिडकीची काच पुसली. "आणि राजेश, एप्रिलची तिकिटं बघ. आपल्या सगळ्यांची, डेट्रॉइटची. आईच्या घरावर छप्पर चढणार आहे."